सभासद नसलेल्यांची झडती

चारा छावणीला आग लागली तेव्हा गीताबाई टँकरच्या रांगेत होती. दोन घागरी भरून झाल्या होत्या, तिसरी नळीखाली धरली होती, आणि कुणीतरी बोंबललं, "गंज पेटली, गंज!" तिनं वळून बघितलं तर कडब्याच्या गंजीवर जाळाची भिंत उभी होती. एप्रिलचं भर दुपारचं ऊन, त्यात वारं सुटलेलं. गंजीला लागून जनावरांच्या तीन ओळी होत्या. त्यांच्यावर उसाच्या पाचटाचं छप्पर. ते पेटायला कितीसा वेळ लागतो!

ती घागर टाकून पळाली. तिच्या दावणीला दोन बैल आणि पवळी गाय होती. कमरेला खोचलेल्या विळ्यानं तिनं एका बैलाचं दावं कापलं, मग दुसऱ्याचं. गाय आतल्या बाजूला बांधलेली. तिच्याकडं वळली तोवर छप्पर खाली आलं. दोघा गड्यांनी गीताबाईला दंडाला धरून मागं ओढलं. पवळीचं हंबरणं मात्र तिला ऐकावं लागलं, थांबेपर्यंत.

नऊ जनावरं गेली. तिचा नवरा भारत पुण्याकडं बांधकामावर होता. तो एका दिवसासाठी आला, जळक्या जागेवर उकिडवा बसून राहिला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. बैल तरी जगवायचे होते. गीताबाई छावणीतच राहिली.

लिंबागणेशकडून पाटोद्याला जाताना रस्त्याला लागून असलेल्या माळावर ही छावणी होती. त्या साली विहिरींना तळ दिसत होता, म्हणून सरकारनं छावणी मंजूर केली आणि भैरोबा सेवा सोसायटीनं ती चालवायला घेतली. पाच गावांची अकराशे जनावरं. सोसायटीचे चेअरमन महारुद्रअप्पा. पाटोद्यात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. कपाळाला विभूती, बोलणं हळू, कुणाला वेडंवाकडं बोलायचे नाहीत. गेटची जबाबदारी गहिनीनाथवर होती. तो फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला होता, पण गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

आगीनंतर तिसऱ्या दिवशी अप्पांनी चारा मोजायच्या काट्याजवळ बैठक बोलावली. आग कशानं लागली, हे कुणालाच सांगता येत न्हवतं. मेजरनं विचारलं, "त्या दुपारी गंजीकडं कुनी गेलतं का? कुनी बघितलं का?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गीताबाईच्या डोळ्यांत तीन दिवस झोप न्हवती. ती उठून म्हणाली, "छबुबाई गेलती. पिशवी घेऊन. गंजीच्या मागं. म्या बघितलं."

छबुबाई आणि तिचा नवरा सुग्रीव पारधी वस्तीवरचे. वस्तीची सात घरं छावणीत होती, शेवटच्या ओळीत. छबुबाईचं नाव निघाल्याबरोबर माणसांत जे कुजबुजणं सुरू झालं, ते गीताबाईनं ऐकलं. ती खाली बसली.

"तरीच," कुणीतरी म्हणालं.

"तरीच काय?" बंकट उठला. तो गीताबाईच्याच गावचा, तरणा शेतकरी, तोंडानं फटकळ. "नुसती गेली म्हनून काय झालं? बिडी वढनारे किती हायेत हितं? करा की हात वर."

कुणी हात वर केला नाही. दोघातिघांनी बोटातली बिडी टाचेखाली दाबली.

"बसतो का बे खाली!" मेजर म्हणाला. "म्या सतरा वर्षं नोकरी केली, त्यात निम्मी चौकीवर. हजार मान्सांची झडती घ्यायला बसलं ना, तर पहिल्या शंभरातच डोळा मरतो. मग ज्याला धरायचा तोच समोरनं निघून जातो. म्हनून मानूस निवडायचा असतो. चाल बघायची, तोंड बघायचं."

"अन् हितं कसा निवडनार मेजर? हितं तर समद्यांचीच तोंडं वाळल्याली हायेत."

लोक हसले, पण आगीच्या वासात ते हसणं लगेच विरलं. मग रामकिसन नावाचा म्हातारा बोलला. त्याच्या दोन म्हशी जळाल्या होत्या. "झडती घ्याच. माज्या म्हशी गेल्या, आता दुसऱ्याच्या जाऊ देऊ नका. समद्यांची घ्या, न्हाईतर कुनाचीबी घ्या, पन गेटातून काडी आत येऊ देऊ नका."

रोज सकाळी गावांकडून भाकरी घेऊन चारशे माणसं आत यायची. सगळ्यांच्या पिशव्या उघडायच्या म्हणजे दोन तास मोडणार. पेंडीचं वाटप खोळंबणार. अप्पा म्हणाले, "जातीचं नाव कुनी काढायचं न्हाई. ही सहकारी संस्था हाय. सभासदाची झडती न्हाई. जो सभासद न्हाई, त्याची झडती. नियम सगळ्यांना सारखा."

ऐकायला ते स्वच्छ वाटलं. माना हलल्या. सभासद व्हायला सातबारा लागतो, आणि गायरानावर राहणाऱ्या त्या सात घरांच्या नावावर सातबारा न्हवता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसा छावणीवर येणारा ढोरांचा डॉक्टरही सभासद न्हवता, चहावालाही न्हवता. त्यांची पिशवी तपासावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

बायकांची झडती बाईनंच घ्यायची, असं मेजरनं सांगितलं. अप्पा गीताबाईकडं वळले. "तुमचं नुकसान झालंय. तुमी डोळ्यांत तेल घालून बघाल."

"बघन," गीताबाई म्हणाली. आणि तिला खरंच बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी छबुबाईच्या पिशवीत काडेपेटी निघाली. मेजरनं ती वर धरली आणि भोंग्यावरून सांगितलं, "सभासद नसलेल्या इसमाकडं काडेपेटी सापडली आहे. सर्वांनी सावध राहावं." इसम म्हणजे कोण हे गेटवरच्या सगळ्यांना दिसत होतं. गीताबाईच्या जिवाला त्या दिवशी गार वाटलं. तिनं बैलांना पाणी पाजलं आणि आगीनंतर पहिल्यांदा अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर मात्र काही सापडेना. छबुबाई रोज यायची, पिशवी जमिनीवर ठेवायची, दोन पावलं मागं सरायची. गीताबाई एकेक वस्तू बाहेर काढायची. फडक्यातल्या भाकरी. लाल तिखट. एक तुटका आरसा. दाढदुखीच्या गोळ्या. बाळंतिणीच्या दवाखान्याचा एक जुना कागद, चार घड्या घालून प्लॅस्टिकात ठेवलेला. दुसऱ्याच्या घरातलं उघडं बघू नये, असं तिला आईनं शिकवलं होतं, आणि इथं ती रोज एका बाईचं सगळं घर मातीत मांडत होती. मागून सभासद बायका पिशव्या काखेत मारून सरळ आत जायच्या. कुणी जाता जाता पदर नाकाला लावायची, कुणी नुसतीच बघायची.

सात घरांच्या झडतीला वेळ लागायचा. ती आत पोचेपर्यंत पेंड संपत आलेली असायची. चुरा उरायचा. छबुबाईच्या गायीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

आठव्या दिवशी छबुबाई पिशवी ठेवून मागं सरली नाही. तिथंच उभी राहिली.

"गीताबाई, एक मागते."

"काय?"

"माजी झडती घे. रोज घे. पन माज्या मागं जी बाई हाय ना, तिचीबी घे. मग म्या एक शब्द बोलनार न्हाई."

"ते माज्या हातात न्हाई. सोसायटीचा नियम हाय."

"असंल." छबुबाईनं आवाज खाली आणला. "त्या दिवशी म्या गंजीमागं गेलते म्हनून तू सांगितलंस. खरं हाय, गेलते. पन कावून गेलते, ते न्हाई सांगितलंस."

गीताबाईचे हात पिशवीतच राहिले.

"तू सकाळच्याला गेलतीस," छबुबाई म्हणाली. "म्या दुपारी गेलते."

मागून कुणीतरी खेकसलं, "आटपा की!" गीताबाईनं भाकरी परत फडक्यात बांधल्या. गाठ नीट बसेना.

छावणीत बायकांना आडोसा न्हवता. सगळा माळ उघडा. बाभळीसुद्धा लोकांनी पाल्यासाठी छाटलेल्या. परसाकडं जायचं तर एकच आडोसा, गंजीच्या मागचा. पाण्याची बाटली हातात घेऊन निघालं की पुरुषांना कळतं, म्हणून बाटली पिशवीत घालायची आणि काहीतरी आणायला चालल्यासारखं जायचं. छावणीतली प्रत्येक बाई तशीच जायची. आगीच्या दिवशी सकाळी गीताबाई स्वतः त्याच वाटेनं पिशवी घेऊन गेली होती. छबुबाईच्या पिशवीत काय असणार, हे बैठकीत उठून बोलताना तिला ठाऊक होतं. दोनशे पुरुषांपुढं ते कसं सांगायचं, म्हणून तिनं पुढचं सांगितलं नाही. तेवढंच, असं ती स्वतःला समजावत होती. पण तेवढंच न्हवतं. पवळीचं हंबरणं कानांत होतं, आणि कुणाचं तरी नाव तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले आणि सुग्रीवला घेऊन गेले. आगीच्या चौकशीसाठी, म्हणाले. सोसायटीनं पाठवलेल्या कागदात 'गंजीमागे पिशवी घेऊन जाताना प्रत्यक्ष पाहिले' असं लिहिलं होतं, आणि खाली गीताबाईची सही होती. ती तिनं मेजरनं बोट ठेवलं तिथं केली होती. बाईला ठाण्यात न्यायला बाई पोलीस लागते, ती न्हवती, म्हणून नवऱ्याला नेलं. छबुबाई जीपमागं रस्त्यापर्यंत धावली. मग ती रस्त्यावरच बसून राहिली. तिच्या वस्तीवरच्या बायकांनी तिला उठवून नेलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यापासून गीताबाई गेटवर उभी होती. सगळ्यांत आधी तिची जाऊ वच्छलाबाई आली. ती नेहमीसारखी आत शिरायला लागली तर गीताबाईनं आडवा हात धरला.

"पिशवी दाव."

"कुनाची? माजी?" वच्छलाबाई हसली. "येडी झालीस का गं?"

"दाव म्हनते ना."

वच्छलाबाईनं पिशवी आदळली. भाकरीखाली दोन काडेपेट्या होत्या आणि मिश्रीची डबी. गीताबाईनं काडेपेट्या काढून बाजूच्या घमेल्यात टाकल्या. पुढची आली. पिशवी दाव. तिच्यामागची आली. पिशवी दाव. कुणी शिव्या दिल्या, कुणी हातातली पिशवी हिसकली. "आमी सभासद हावोत," एक म्हातारी ओरडत होती, "आमच्या मालकाचा शेअर हाय!" मेजर चहाला गेला होता. बंकटनं लांबून हा गोंधळ बघितला, तो आला, काही विचारलं नाही. गेटच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून पुरुषांचे खिसे बघायला लागला.

तासाभरात रांग रस्त्यापर्यंत गेली. आत जनावरं वैरणीसाठी हंबरत होती. घमेलं भरत आलं. काडेपेट्या, तीन लायटर, कंदिलासाठी आणलेलं बाटलीभर रॉकेल. एकाच्या डब्यात तर रानडुकरं हुसकायचे सुतळी बॉम्ब होते, अख्खा पुडा. तो माणूस रामकिसनचा सख्खा भाऊ. रामकिसन रांगेतच होता. त्यानं ते बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

मेजर धावत आला. त्याच्यामागं अप्पांची मोटरसायकल येऊन थांबली.

"अप्पा, तुमचीबी पिशवी," बंकट म्हणाला.

अप्पांनी खांद्याची शबनम काढून स्वतःच उघडली. कागद, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, विभूतीची डबी. काडेपेटी न्हवती. त्यांनी शबनम परत खांद्याला लावली आणि गीताबाईकडं वळले.

"हे कुनी सांगितलं तुमाला?"

"कुनी न्हाई."

"बैठकीत ठरलं होतं. तुमच्यासमोर ठरलं होतं."

"ठरलं तवा म्या अर्धंच बोलले हुते." समोर सगळं गाव, दीर, सासरकडची माणसं. तिनं पदर डोक्यावरून नीट ओढला आणि मान वर केली. "छबुबाई गंजीमागं परसाकडं गेलती. पिशवीत पान्याची बाटली हुती. म्याबी तिथंच जाते. समद्या बाया तिथंच जातात. वच्छलाबाईबी जाते. अन् बाटली पिशवीतच नेतोत आमी. मला हे ठावं हुतं अन् म्या न्हाई बोलले."

रांगेतल्या बायांनी माना खाली घातल्या. वच्छलाबाई रागानं लालबुंद झाली होती, आगीपेक्षा हेच तिला जास्त लागलं होतं. पुरुष इकडं तिकडं बघायला लागले. मेजर खाकरला. "पन मग आग लागली कशी? हे तर कुनी सांगेना."

"मला ठावं न्हाई," गीताबाई म्हणाली. "तिलाबी ठावं न्हाई. ह्या घमेल्यातल्या कुनाला ठावं असंल तर इचारा."

अप्पांनी घमेल्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "बसा गाडीवर."

ठाण्याला जाताना बऱ्याच अंतरावर त्यांनी विचारलं, "आधी कावून न्हाई सांगितलं, गीताबाई?"

"कसं सांगनार अप्पा? तुमी बायांच्या संडासाचे पत्रे कदी आनलेत का?"

"मंजूर हायेत. यायचेत अजून."

अप्पांनी गाडीला वेग दिला.

ठाण्यात टेबलावरच्या जमादारानं तिचं सगळं ऐकून घेतलं. पेन हातात धरून त्यानं विचारलं, "हे असंच लिहायचं? परसाकडं गेली म्हणून?"

"असंच लिवा."

"खाली सही तुमची राहील."

"राहू द्या. आधीच्या कागदावरबी माजीच हाय."

संध्याकाळी सुग्रीवला सोडलं. तो चपला हातात धरून बाहेर आला, एक पाय जपून टाकत. अप्पांनी गाडीवर बस म्हणून खूण केली. तो बसला नाही. रस्त्याच्या कडेनं चालायला लागला. गीताबाई काहीतरी बोलायला पुढं झाली, पण त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही, आणि तिला हाक मारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पारधी वस्तीची दावण रिकामी होती. सातही घरांनी पहाटे जनावरं सोडून नेली. गीताबाई दुपारी गायरानावर गेली. छबुबाई झोपडीच्या सावलीत बसून गायीपुढं बोराटीचा पाला टाकत होती. गाय तो नुसता हुंगत होती.

"बैठक झाली," गीताबाई उभ्यानंच म्हणाली. "आता समद्यांची झडती हुनार हाय. न्हाईतर कुनाचीच न्हाई. अप्पानी शब्द दिला. तुमी या परत. पेंड हाय तिथं."

"तू ठान्यात जाऊन आलीस म्हनं."

"गेलते."

"ह्यो झोपलाय आत." छबुबाईनं पाल्याचा काटा बोटातून काढला. "दोन दिस हागायला जाऊ दिलं न्हाई त्याला. तू सांगितलंस ते बरं झालं. सुटला. पन तू बोलायच्या आधी आमाला नऊ दिस गेटावर हुबं केलं हुतं, अन् समद्यांनी बघितलं. ते तुज्या सहीनं पुसत न्हाई बाई."

"मग गाय कशी जगंल?"

"बघू."

ती बसायला सांगेल म्हणून गीताबाई थोडा वेळ थांबली. मग निघाली.

झडती सगळ्यांची सुरू झाली आणि पाच दिवसांत बंद पडली. रोजच्या रांगेला लोक वैतागले. पेंड उशिरा मिळते म्हणून रामकिसननंच अर्ज दिला. मेजरनं पुन्हा एकदा सांगितलं की माणूस निवडायला हवा होता, पण आता निवडायला कुणी उरलं न्हवतं. बंकटनं बिड्यांसाठी गेटाबाहेर वाळूनं भरलेला एक डबा ठेवला. लोक कधी तो वापरायचे, कधी नाही. दुसरी आग लागली नाही. "बघा, ते गेले अन् आग थांबली," असं काट्याजवळ बसलेली माणसं म्हणायची. गीताबाई तिथून जाताना दर वेळी थांबून सांगायची, "घमेलं तुमीच भरलं हुतं." पहिल्यांदा कुणी उलटून बोललं, नंतर नुसतं हसू लागले. वच्छलाबाई तिच्याशी बोलत न्हवती. पत्र्याचे दोन आडोसे मात्र मे अखेरीला आले, आणि बायकांनी ते वापरायला सुरुवात केली.

जूनमध्ये सरकारनं छावण्या बंद करायचा आदेश काढला. गीताबाईनं बैल सोडले आणि गावाच्या सरळ वाटेनं न जाता गायरानावरून निघाली. छबुबाईची झोपडी बंद होती. दाराला तार गुंडाळलेली. शेजारच्या झोपडीपुढं एक म्हातारी शेण थापत होती.

"छबुबाई कुटं गेली?"

"कर्नाटकाकडं. कामाला."

"अन् गाय?"

"पाटोद्याच्या बाजारात दिली."

"कुनाला?"

म्हातारीनं हात थांबवला आणि वर बघितलं. "तुला कशाला? तू घेनार हायेस का?"

बैल घराच्या ओढीनं कासरा ताणत होते. गीताबाई तिथंच उभी राहिली. म्हातारीनं पुन्हा शेणात हात घातला.